गॅमा शोधयंत्र घटनास्थळी कसे वापरावे: निवड, तपासणी, शोध आणि ओळख

किरणोत्सारी पदार्थाचा संशय असलेल्या घटनास्थळी शोधयंत्राला तीन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. इथे काही आहे का? किती आहे? आणि नेमके कोणते आहे? तिन्हींची चांगली उत्तरे देणारे एकच यंत्र नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. पहिल्या प्रश्नासाठी बनवलेल्या यंत्राकडून दुसऱ्याचे उत्तर घेतले जाते, आणि पडद्यावर आकडा दिसतो म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

कोणते यंत्र कशासाठी

पहिल्या प्रश्नासाठी पेजर. हा कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. आत बहुधा सीझियम आयोडाइडचा बोटाच्या पेराएवढा स्फटिक असतो. गॅमा किरण त्यात शिरला की बारीकशी चमक उठते आणि यंत्र ती मोजते. घन स्फटिक वायूपेक्षा कितीतरी जास्त किरण अडवतो, म्हणून पार्श्वभूमीत, म्हणजे आसपास नेहमीच असणाऱ्या किरणोत्सर्गात, थोडी वाढ झाली तरी पेजर दोन-तीन सेकंदांत वाजतो. याच संवेदनशीलतेमुळे तो लवकर भरतोही, म्हणजे मोजण्याची मर्यादा गाठतो. अनेक साधे पेजर काहीशे मायक्रोसिव्हर्ट प्रतितासाच्या आतच हात टेकतात (सिव्हर्ट हे अंगावर येणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक).

दुसऱ्या प्रश्नासाठी सर्व्हे मीटर. यात बहुधा गायगर-म्युलर नळी असते, काही यंत्रांत दोन: एक कमी पातळीसाठी, एक जास्त पातळीसाठी. आपत्कालीन कामासाठी घेताना तो किमान १ सिव्हर्ट प्रतितासापर्यंत मोजतो का ते बघा. नळीवर ऊर्जेची भरपाई करणारे धातूचे आवरण आहे का हेही विचारा. आवरण नसलेली नळी सीझियम-१३७ वर जुळवलेली असेल, तर अमेरिशियम-२४१ सारख्या कमी ऊर्जेच्या उद्गमासमोर (उद्गम म्हणजे किरण सोडणारा पदार्थ किंवा वस्तू) ती खऱ्याच्या कित्येक पट आकडा दाखवते. आयनीकरण कक्षाचे मीटर या बाबतीत प्रामाणिक असतात, पण ते सावकाश स्थिरावतात आणि उघड्या कक्षाच्या मीटरवर हवेचा दाब, तापमान आणि दमटपणा यांचा परिणाम होतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी आयडेंटिफायर, म्हणजे किरणांची ऊर्जा मोजून समस्थानिक ओळखणारे यंत्र. ऊर्जेच्या आलेखात प्रत्येक समस्थानिकाची शिखरे ठराविक जागी येतात, आणि शिखर जितके बारीक तितकी ओळख पक्की. सोडियम आयोडाइडचे यंत्र सीझियम-१३७ च्या ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचे एकक) सुमारे ७ टक्के रुंदीचे शिखर देते, लँथेनम ब्रोमाइडचे सुमारे ३ टक्के. जर्मेनियमचे शिखर याहून दहापटीपेक्षा जास्त बारीक असते, पण ते यंत्र जड असते आणि स्फटिक थंड व्हायला काही तास लागतात.

चौथी वस्तू प्रश्न विचारण्यासाठी नाही, माणूस सुखरूप परत येण्यासाठी आहे: छातीवर लावायचा इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर. पेजर असला तरी तो लागतोच. पेजर आत्ताचा दर सांगतो, डोसीमीटर आतापर्यंत अंगावर साचलेली मात्रा सांगतो.

आकड्यांची भाषा

नैसर्गिक पार्श्वभूमी बहुतेक ठिकाणी ०.०५ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास असते. ग्रॅनाइटची फरशी, विटांची दाट इमारत किंवा उंच डोंगर असेल तर जास्त, आणि खोल पाण्यावरच्या बोटीत कमी. म्हणून पार्श्वभूमी पाठ करून ठेवू नका, त्या जागी मोजा.

मायक्रो आणि मिली यांत हजारपटीचा फरक आहे. आपोआप एकक बदलणाऱ्या यंत्रावर ९५० नंतर एकदम १.१ दिसते. घाईत बघणाऱ्याला वाटते दर उतरला, प्रत्यक्षात तो चढलेला असतो. वायरलेसवर सांगताना एकक पूर्ण उच्चारा आणि ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्या. जुन्या यंत्रांवर रोंटजेन असेल तर गॅमासाठी १ रोंटजेन प्रतितास म्हणजे ढोबळमानाने १० मिलिसिव्हर्ट प्रतितास धरा.

अंतराशिवाय आकड्याला अर्थ नसतो. उघडा, लहान उद्गम असेल तर अंतर दुप्पट केल्यावर दर चौथाई होतो. ३७ गिगाबेक्वेरेलचा (बेक्वेरेल हे उद्गमाच्या ताकदीचे एकक) सीझियम-१३७ उद्गम १ मीटरवर सुमारे ३ मिलिसिव्हर्ट प्रतितास देतो. १० मीटरवर ३० मायक्रोसिव्हर्ट, ३० मीटरवर साधारण ३.३ मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे पेजर ३० मीटरवरूनच स्पष्ट वाजेल. पण तोच उद्गम चिमट्याच्या टोकाला, १० सेंटीमीटरवर असेल तर ३०० मिलिसिव्हर्ट प्रतितास. म्हणूनच अनोळखी धातूचा तुकडा कधीही हाताने उचलायचा नाही.

निघण्यापूर्वीची तपासणी

ही पाच मिनिटांची असते आणि नेमकी हीच टाळली जाते.

बॅटरी पडद्यावरच्या चिन्हावरून ओळखू नका. नव्या सेलचा संच सोबत घ्या, थंडीत काम असेल तर लिथियमचे घ्या, कारण अल्कलाइन सेल गारठ्यात लवकर दम तोडतात. कॅलिब्रेशनची तारीख बघा. बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा ते करतात. मग यंत्र सुरू करून पार्श्वभूमी वाचा. ती शून्य असेल तर यंत्र बिघडलेले आहे, कारण पृथ्वीवर शून्य पार्श्वभूमीची जागा नसते. शेवटी तपासणीचा छोटा उद्गम नेहमीच्याच खुणेवर, नेहमीच्याच बाजूने ठेवा आणि आकडा यंत्रावर चिकटवलेल्या नोंदीशी ताडा. फरक २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते यंत्र घरीच ठेवा. उद्गम सीझियमचा असेल तर त्याचा आकडा दरवर्षी सुमारे २.३ टक्के उतरतो, कारण अर्धायू, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ३० वर्षांची आहे. दहा वर्षांपूर्वीची नोंद तशीच वापरली तर चांगले यंत्र नापास होते.

डोसीमीटरचे इशारे आधीच लावा. पहिला १०० मायक्रोसिव्हर्ट प्रतितासाला, दुसरा १०० मिलिसिव्हर्ट प्रतितासाला. एकूण मात्रेचा इशारा प्रमुखाने ठरवून दिलेल्या मर्यादेवर. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून कंपनही चालू ठेवा.

आयडेंटिफायरला थोडा वेळ द्या. थंड गाडीतून उन्हात काढलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाची शिखरे सरकतात, आणि ६६२ चे शिखर ६४० ला दिसले की यंत्र भलतेच नाव घेते. सुरू करून दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या तापमानाला राहू द्या, मग यंत्राची स्वतःची जुळवणी चालवा. स्फटिकाला तापमानाचा एकदम बसलेला धक्का आणि पडणे दोन्ही सोसत नाही, तडे जातात.

सगळी यंत्रे पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. गॅमा किरणांना पिशवी अडवत नाही आणि यंत्रावर धूळ बसत नाही. एकदा यंत्रच दूषित झाले की ते स्वतःचाच आकडा दाखवत राहते. बीटा किंवा अल्फा मोजणारा सपाट प्रोब मात्र वेगळा आहे. अल्फा पिशवीतून अजिबात येत नाही.

शोध

पेजरचा इशारा सांख्यिकीवर चालतो. पार्श्वभूमी सेकंदाला १० नोंदींची असेल तर तिचा नैसर्गिक चढउतार १० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ३ असतो. इशारा तीन पट चढउतारावर लावला आणि यंत्र दर सेकंदाला तपासत असेल, तर काही नसतानाही सरासरी बारा मिनिटांनी एक खोटा इशारा येतो. दिवसभर असे झाले की माणसे पेजर बंद करून ठेवतात. उंबरठा थोडा चढवा, पण पेजर चालू राहू द्या.

पायी शोधताना सेकंदाला अर्धा मीटर एवढाच वेग ठेवा, यंत्र जमिनीपासून साधारण एक मीटरवर, आणि नजर पडद्यावर नको. आवाज चालू ठेवून कान द्या. पडद्यावरचा आकडा दोन-चार सेकंदांची सरासरी असतो, टिकटिक तात्काळ असते. खोलीत आधी भिंतीलगत फिरा, मग मधून. वाहनाचा वेग उद्गमाच्या ताकदीवर ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात १,४०० किलोमीटरच्या प्रवासात १९ गिगाबेक्वेरेलची सीझियम-१३७ ची ८ मिलिमीटर लांबीची कुपी हरवली. १ फेब्रुवारीला ती रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर सापडली. यंत्रे लावलेली गाडी तेव्हा ताशी ७० किलोमीटरने जात होती. उद्गम उघडा आणि जोरदार होता म्हणून हे जमले. शिशाच्या डब्यातल्या किंवा ढिगाऱ्याखालच्या उद्गमासाठी हा वेग चालणार नाही.

दिशा कळत नसेल तर शरीराचा आडोसा वापरा. यंत्र छातीशी धरून सावकाश पूर्ण गिरकी घ्या. आकडा सगळ्यात कमी येतो तेव्हा उद्गम पाठीमागे असतो. दोन वेगळ्या जागांवरून हे केले की दोन रेषा जिथे छेदतात तिथे शोधा.

अंतराचा अंदाज घेण्याची एक खात्रीची रीत आहे. उद्गमाच्या दिशेने चालत जा. पार्श्वभूमी वजा केलेला आकडा जिथे चौपट होतो तिथे थांबा. जेवढे चाललात तेवढेच अंतर उरले आहे. दहा पावलांत २ चे ८ झाले, तर आणखी दहा पावलांवर उद्गम आहे. मधे भिंत किंवा गाडी आली तर हा हिशोब बिघडतो, आणि जमिनीवर पसरलेल्या दूषणाला तो लागूच होत नाही.

कमी आकडा म्हणजे लहान उद्गम, असेही मानू नका. शिशाचा ६ ते ७ मिलिमीटर थर सीझियमचे किरण निम्मे करतो, कोबाल्ट-६० ला त्यासाठी सुमारे १२ मिलिमीटर लागतात. डब्याच्या एका बाजूला शांतता आणि दुसऱ्या बाजूला जोरदार टिकटिक असेल, तर कवच फुटलेले किंवा झाकण उघडे आहे. वस्तूभोवती चारही बाजूंनी समान अंतरावरून मोजल्याशिवाय काहीही ठरवू नका.

भरलेले यंत्र

या विषयातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट हीच. गायगर नळी एक किरण मोजल्यावर क्षणभर बधिर होते, साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी. किरणांचा मारा फार वाढला की बधिरपणा संपतच नाही. चांगले यंत्र अशा वेळी मर्यादा ओलांडल्याची सूचना दाखवून तिथेच अडकते. जुने किंवा स्वस्त यंत्र मात्र खाली येते, कधी थेट शून्यावर. समोरचा माणूस सर्वाधिक धोक्यात असताना यंत्र त्याला सगळे ठीक आहे असे सांगते.

याची उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका भौतिकशास्त्रज्ञाने भूगर्भशोधाचे उसने यंत्र संशयित जागेपासून काही अंतरावर सुरू केले. काटा थेट टोकाला गेला आणि यंत्र कुठेही फिरवले तरी तिथेच राहिला. यंत्र बिघडले असे समजून तो दुसरे आणायला गेला. दुसऱ्याचाही काटा टोकालाच. यंत्र ठीक होते. फोडलेल्या उपचारयंत्रातला सुमारे ५१ टेराबेक्वेरेलचा सीझियम-१३७ समोर होता. त्या घटनेत चार जणांचा जीव गेला.

म्हणून नियम असा: आकडा टोकाला गेला, अचानक कोसळला किंवा यंत्र एकाएकी गप्प झाले, तर ते बिघडले असे न मानता आलेल्या वाटेने मागे या. आकडा पुन्हा दिसू लागला की तिथे थांबा आणि जास्त पल्ल्याचा मीटर मागवा. पुढे जाताना पेजर आणि सर्व्हे मीटर दोन्ही एकदमच चालू ठेवा. पेजर भरण्याआधीच मीटर बोलू लागतो.

घेरा कुठे घालायचा

मोजणी हातात येण्याआधीचा पहिला घेरा अंदाजाने घालावा लागतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पहिल्या प्रतिसादकांसाठीच्या सूचनांनुसार उघड्यावर पडलेल्या किंवा फुटलेल्या धोकादायक उद्गमाभोवती ३० मीटर, मोठी सांडलवंड असेल तर १०० मीटर, आग, धूर किंवा स्फोट असेल तर ३०० मीटर, आणि किरणोत्सारी बॉम्बचा संशय असेल तर ४०० मीटर. इमारतीत असेल तर ती खोली, शेजारच्या खोल्या, वरचा आणि खालचा मजला.

मग मीटर घेऊन हा घेरा दुरुस्त करा:

१. बाहेरून आत चाला, वाऱ्याकडे पाठ ठेवून, मीटर एक मीटर उंचीवर.
२. १०० मायक्रोसिव्हर्ट प्रतितास जिथे येते तिथे खूण करा. आतला घेरा तिथून. पहिला अंदाज यापेक्षा लहान ठरला तर घेरा लगेच मागे सरकवा.
३. आत जाणाऱ्यांची नावे, वेळ आणि डोसीमीटरचा सुरुवातीचा आकडा लिहा.
४. १०० मिलिसिव्हर्ट प्रतितासापुढे फक्त जीव वाचवण्यासाठीच जायचे, तेही एकूण अर्ध्या तासापेक्षा कमी. या दराने अर्ध्या तासात ५० मिलिसिव्हर्ट अंगावर येतात.
५. १,००० मिलिसिव्हर्ट प्रतितासापुढे किरणोत्सर्ग तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

अंदाज किती चुकू शकतो ते बघा. औद्योगिक छायाचित्रणातला ३.७ टेराबेक्वेरेलचा इरिडियम-१९२ उद्गम १ मीटरवर जवळपास ४५० मिलिसिव्हर्ट प्रतितास देतो. त्याची १०० मायक्रोसिव्हर्टची रेषा ६५ मीटरच्याही पुढे जाते. तीस मीटरच्या दोरीवर उभा असलेला माणूस तिथे तासाला अर्धा मिलिसिव्हर्ट घेत असतो. दोरी बांधली म्हणजे काम झाले असे नाही. मीटर घेऊन दोरीबाहेर एक फेरी मारा.

मात्र जखमी माणसाला वाचवायचे काम मोजणीसाठी अडवू नये. उचला, बाहेर आणा, नंतर मोजा.

नाव ओळखणे

आयडेंटिफायर फार जवळ नेला की नोंदी एकमेकांवर चढतात, शिखरे फुगतात आणि सरकतात. फार लांब ठेवला तर पार्श्वभूमीच दिसते. यंत्राचा मृतकाळ, म्हणजे एक नोंद घेताना पुढची घेता न येण्याचा वेळ, ३० टक्क्यांच्या आत राहील आणि नोंदींचा दर पार्श्वभूमीच्या कित्येक पट असेल अशी जागा शोधा, यंत्र काहीतरी टेकवून स्थिर ठेवा, हातात डुलू देऊ नका. एक ते पाच मिनिटे नोंद घ्या. तेवढाच वेळ पार्श्वभूमीचीही, उद्गमापासून दूर जाऊन, पण त्याच परिसरात.

पडद्यावर आलेले नाव मानण्याआधी आलेख स्वतः बघा. सीझियम-१३७ चे शिखर ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला एकच (पुढचे आकडेही याच एककात). कोबाल्ट-६० ची दोन, १,१७३ आणि १,३३२ ला. अमेरिशियम-२४१ चे ६० ला. आयोडीन-१३१ चे ३६४ ला, टेक्नेशियम-९९एम चे १४० ला. पार्श्वभूमीतला पोटॅशियम-४० १,४६१ ला नेहमी असतो आणि तो आपल्या जागी आहे का यावरून यंत्राची जुळवणी तपासता येते.

काही जोड्या वारंवार फसवतात. रुग्णाला दिलेले गॅलियम-६७ आणि युरेनियम-२३५, दोन्हींची शिखरे १८५ च्या आसपास येतात. सोडियम आयोडाइडला त्यांतला फरक त्या एका शिखरावरून कळत नाही, गॅलियमची ९३ आणि ३०० ची शिखरे सोबत आहेत का ते बघावे लागते. बेरियम-१३३ चे ३५६ आयोडीनच्या ३६४ शेजारी बसते. रेडियमच्या साखळीतले ६०९ सीझियम समजले जाते. ५११ चे शिखर कोणत्याही पॉझिट्रॉन देणाऱ्या उद्गमाचे असू शकते. यंत्राने अज्ञात म्हटले तर ते उत्तर जसेच्या तसे कळवा.

तज्ज्ञाकडे पाठवताना तीन आलेख पाठवा: उद्गमाचा, पार्श्वभूमीचा आणि ओळखीच्या तपासणी उद्गमाचा. सोबत अंतर, मधे काय होते, मात्रा-दर आणि वस्तूचा फोटो. तिसऱ्या आलेखाशिवाय तज्ज्ञाला यंत्राची जुळवणी ठीक होती की नाही हेच कळत नाही.

यंत्रात न्यूट्रॉन मोजणारा भाग असेल आणि त्याने इशारा दिला, तर तो गॅमाच्या इशाऱ्यापेक्षा गंभीर माना. नैसर्गिक न्यूट्रॉन फार थोडे असतात. मातीचा ओलावा मोजणाऱ्या उपकरणात अमेरिशियम-बेरिलियम असते, त्यामुळे कारण साधेही निघू शकते, पण कागदपत्रे आणि वस्तू ताडून पाहिल्याशिवाय सोडू नका.

निरुपद्रवी इशारे

सुरक्षा तपासणीत बहुतेक इशारे रुग्णांचे आणि मालाचे असतात. टेक्नेशियमची अर्धायू ६ तास, म्हणून त्या तपासणीचा माणूस दोन-तीन दिवसांत शांत होतो. आयोडीन-१३१ ची ८ दिवस, थायरॉइडचा उपचार घेतलेला माणूस कित्येक आठवडे पेजर वाजवू शकतो. त्याला बाजूला घ्या, दरडावू नका. आधी आलेख घ्या, मग उपचाराबद्दल विचारा. उत्तर आणि आलेख जुळले पाहिजेत. औषध अंगभर किंवा अवयवात असते. खिशाशीच आकडा उसळत असेल तर तपास पुढे न्या.

मालात पोटॅशचे खत, सिरॅमिक फरशा, झिरकॉन वाळू, थोरियमच्या वेल्डिंग कांड्या. यांचा आकडा पूर्ण ट्रकभर सारखा पसरलेला असतो. एकाच जागी टोक दिसले तर मालाच्या नावाखाली दुसरे काही असू शकते.

पावसाच्या पहिल्या सरीबरोबर हवेतल्या रेडॉन वायूची अपत्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून बनलेले किरणोत्सारी अणू, खाली येतात आणि परिसरातली सगळी यंत्रे एकत्र चढतात. पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत ती उतरतात. वायरलेसचा सेट यंत्राला चिकटवून बोललात तरी काही यंत्रे खोटे आकडे देतात. हातभर अंतर ठेवा.

काम संपल्यावर

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी कमी पार्श्वभूमीच्या जागी करा. मीटर त्वचेपासून १० सेंटीमीटरवर, हात, तळवे, चेहरा, केस, बूट या क्रमाने, सावकाश. पार्श्वभूमीपेक्षा १ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास जास्त आले तर माणूस दूषित धरा. बाहेरचे कपडे काढून पिशवीत बंद करा, मग अंघोळ. यंत्राची पिशवी आतून बाहेर उलटवत काढा, ती दूषित कचऱ्यात टाका, आणि उघडे यंत्र दुसऱ्या यंत्राने तपासा.

पुन्हा तपासणी उद्गमावर आकडा घ्या. निघतानाच्या आकड्याशी तो जुळला तरच मधल्या सगळ्या नोंदी भरवशाच्या. प्रत्येक नोंदीत आकडा, एकक, अंतर, जागा, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि वाचणाऱ्याचे नाव हवे. डोसीमीटरचे शेवटचे आकडे त्याच दिवशी व्यक्तीच्या नोंदवहीत चढवा. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, गळलेला सेल संपर्काच्या पट्ट्या खातो. पेटीत कोरडेपणाची पुडी टाका, आणि तपासणी उद्गम यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पार्श्वभूमी चुकीची शिकून यंत्र सुरू होईल.